हौशी स्वार आणि जायबंदी जॉकी

घोड्यांच्या शर्यतीचे नाव काढले, की सामान्य माणसाच्या मनात काही ठराविक चित्रे उभी राहतात. पैज लावणाऱ्यांची गर्दी, दुर्बिणी लावून बसलेले धनिक, रंगीबेरंगी रेशमी सदरे घातलेले ठेंगणे स्वार आणि शेवटच्या फर्लांगात उठणारा तो एकच कल्लोळ. ह्या चित्रात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घोडे धावू लागले, की मैदानाच्या कडेने त्यांच्या मागोमाग रुग्णवाहिकाही धावू लागते. खेळाडूंच्या पाठोपाठ रुग्णवाहिका पळत ठेवावी लागते, असे खेळ जगात फार थोडे आहेत. शर्यत संपली, की प्रेक्षकांचे डोळे जिंकलेल्या घोड्याकडे वळतात. रुग्णवाहिका कोठे थांबली होती आणि तिने कोणाला उचलून नेले, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या एखाद्या ओळीवरून कळले तर कळते.

त्या रुग्णवाहिकेतून गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, ह्या प्रश्नाचे एक उत्तर ब्रिटन आणि आयर्लंड ह्या देशांत गेल्या साठ वर्षांत हळूहळू घडत गेले. पोटासाठी घोड्यावर न बसणाऱ्या हौशी स्वारांचा त्यात मोठा वाटा आहे. आज हे हौशी स्वार जायबंदी जॉकींच्या मदतीसाठी मुद्दाम शर्यती धावतात. ह्या शर्यतींचा अर्थ समजण्यासाठी आधी जॉकीचा धंदा आणि त्यातली जोखीम समजून घ्यावयास हवी.

जॉकी हा बहुधा मासिक पगाराचा नोकर नसतो. त्याला प्रत्येक स्वारीमागे ठरलेले मानधन मिळते आणि घोडा जिंकला किंवा पहिल्या काहींत आला, तर बक्षिसातला हिस्सा मिळतो. स्वारी नाही त्या दिवशी कमाई नाही. वजन वाढले तर स्वारी जाते, म्हणून तो अर्धपोटी राहतो. हाड मोडले तरी ते पुरते जुळण्याआधी परत येण्याची त्याला घाई असते, कारण आपला घोडा दुसऱ्याच्या हाती गेला तर तो परत मिळेलच असे नाही. साठ-पासष्ट किलोंचा हा माणूस पाचशे किलोंच्या आसपास वजनाच्या जनावरावर, ताशी पन्नास किलोमीटरच्या घरातल्या वेगाने, केवळ रिकिबीतल्या पावलांवर तोल सांभाळून ओणवा उभा असतो. घोडा अडखळला तर तो पुढे फेकला जातो आणि मागून येणाऱ्या घोड्यांच्या टापांखाली सापडतो.

सपाट मैदानावरच्या शर्यतीत असे प्रसंग विरळा येतात. अडथळ्यांच्या शर्यतीची गोष्ट निराळी आहे. ही शर्यत मुळात आयर्लंडची. १७५२ साली कॉर्क परगण्यात दोन सद्‌गृहस्थांनी आपापल्या घोड्यांच्या गुणांवरून पैज लावली आणि बटवंट गावच्या चर्चपासून डोनरेल गावच्या चर्चपर्यंत, वाटेतली कुंपणे, चर आणि ओढे ओलांडीत, सुमारे साडेचार मैलांची दौड केली. एका चर्चच्या मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याच्या रोखाने धावायचे, म्हणून मनोऱ्याला असलेल्या ‘स्टीपल’ ह्या इंग्रजी शब्दावरून ह्या प्रकाराला ‘स्टीपलचेस’ हे नाव पडले. पुढे कुंपणांच्या जागी मुद्दाम बांधलेले अडथळे आले आणि लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथील ‘ग्रँड नॅशनल’सारख्या शर्यतींनी ह्या खेळाला जगभर कीर्ती मिळवून दिली. ह्या मैदानावरच्या सर्वांत प्रसिद्ध अडथळ्याला ‘बेचर्स ब्रूक’ म्हणतात. १८३९ सालच्या शर्यतीत कॅप्टन बेचर नावाचा स्वार तेथल्या ओढ्यात पडला, म्हणून हे नाव. पडलेल्या माणसाच्या नावाने अडथळा ओळखला जावा, ह्यावरून पडणे ही गोष्ट ह्या खेळात किती नित्याची आहे ते दिसते. ब्रिटनमधल्या अनुभवाचा हिशेब असा, की अडथळ्यांच्या शर्यतीत धावणारा जॉकी साधारणपणे सोळा स्वाऱ्यांमागे एकदा पडतो. पडावयाचे आहे हे त्याला ठाऊकच असते, केवळ कधी आणि कसे एवढेच ठाऊक नसते.

आता हौशी स्वारांविषयी. वर सांगितलेले ते दोघे सद्‌गृहस्थ हौशीच होते, आणि अडथळ्यांच्या शर्यतीत हौशी स्वारांची परंपरा तेव्हापासून अखंड चालत आली आहे. शेतकरी, लष्करी अधिकारी, वकील, पशुवैद्य असे नाना व्यवसायांचे लोक धंदेवाईक जॉकींच्या बरोबरीने धावतात. फरक इतकाच, की हौशी स्वार स्वारीचे मानधन घेत नाही. शर्यतीच्या छापील पत्रिकेत ही खूण आजही दिसते. धंदेवाईकाचे नाव नुसते छापतात आणि हौशी स्वाराच्या नावामागे ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावतात. इंग्रजीत अशा हौशी खेळाडूंना ‘कॉरिंथियन’ असेही म्हणतात. कॉरिंथ हे प्राचीन ग्रीसमधले संपन्न आणि विलासी नगर. त्याच्या नावावरून पूर्वी श्रीमंत, खेळाच्या नादी लागलेल्या तरुणांना हा शब्द लावीत. पुढे त्यातला उपहास गेला आणि खेळावरच्या निरपेक्ष प्रेमाचा अर्थ मागे उरला.

मराठी माणसाला हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. नाटकधंद्यात पोट भरणारा नट आणि दिवसभर कचेरीत बसून रात्री तालमीला जाणारा हौशी नट ह्या दोघांची ओळख त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शाळेच्या इमारतीसाठी, वाचनालयासाठी किंवा एखाद्या वृद्ध कलावंताच्या मदतीसाठी हौशी मंडळींनी प्रयोग लावावा आणि तिकिटांचे पैसे त्या कामी द्यावेत, हा प्रघात तर महाराष्ट्रात गावोगाव होता आणि आहे. हौशी स्वारांच्या मदतीच्या शर्यती ह्याच जातीच्या आहेत. मात्र रंगभूमीवर पडणारा नट पडदा पडल्यावर उठून उभा राहतो. शर्यतीच्या मैदानावर तशी हमी नाही, आणि पैसे न घेता धावणाऱ्यासाठी जमीन काही मऊ होत नाही.

ह्याचा दाखला १९२३ सालचा आहे. त्या वर्षी ग्रँड नॅशनल जिंकली ती कॅप्टन बेनेट ह्या हौशी स्वाराने. ते व्यवसायाने पशुवैद्य होते आणि त्यांच्या घोड्याचे नाव होते ‘सार्जंट मर्फी’. त्याच वर्षाच्या अखेरीस वुल्व्हरहॅम्प्टनच्या शर्यतीत ते पडले, घोड्याची लाथ त्यांच्या डोक्याला लागली आणि काही दिवस बेशुद्धावस्थेत काढून १९२४ च्या जानेवारीत त्यांचा अंत झाला. त्या मृत्यूनंतर अडथळ्यांच्या शर्यतीत प्रत्येक स्वाराने शिरस्त्राण घालणे सक्तीचे झाले. एका हौशी स्वाराच्या मरणाने धंदेवाईकांच्या डोक्यांना संरक्षण मिळाले. तथापि डोके वाचविणे शिरस्त्राणाला शक्य होते. पाठीचा कणा मोडला तर काय, हा प्रश्न पुढची चाळीस वर्षे तसाच राहिला.

तो प्रश्न समोर आणला दोन अपघातांनी. टिम ब्रुकशॉ हा ब्रिटनमधला अडथळ्यांच्या शर्यतीतला एक अव्वल जॉकी. १९५९ सालच्या ग्रँड नॅशनलमध्ये दुसऱ्या फेरीत त्याच्या एका पायाची रिकीब तुटली. तोल सावरण्यासाठी त्याने दुसरा पायही रिकिबीतून काढला आणि उरलेले सारे अडथळे दोन्ही पाय लोंबते ठेवून ओलांडीत ‘विंडबर्ग’ ह्या घोड्याला दुसऱ्या क्रमांकावर आणले. त्याच मैदानावर १९६३ च्या डिसेंबरात तो पडला आणि त्याचा पाठीचा कणा मोडला. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तोच १९६४ च्या ग्रँड नॅशनलमध्ये पॅडी फॅरल हा आयरिश जॉकी ‘बॉर्डर फ्लाइट’ ह्या घोड्यावरून पडला. ज्या अडथळ्यावर तो पडला त्याला ‘चेअर’ म्हणतात, आणि त्या मैदानावरचा तो सर्वांत उंच अडथळा आहे. फॅरलचाही कणा मोडला. तो लहान मुलांचा बाप होता. दोघांचेही कमरेखालचे शरीर लुळे झाले. पुन्हा शर्यतीत धावण्याचा प्रश्नच उरला नाही. त्या काळी अशा अपघातानंतर जॉकीला मिळणारी भरपाई इतकी तोकडी होती, की तिच्यावर एक संसार चालणे अशक्य होते.

ह्या वेळी पुढे आलेल्या मंडळींत जॉन लॉरेन्स हे एक ठळक नाव होते. पुढे लॉर्ड ओक्सी ह्या नावाने ते प्रसिद्ध झाले. न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर जो खटला चालला, त्या न्यायासनाच्या अध्यक्षांचे ते चिरंजीव. स्वतः हौशी स्वार आणि शर्यतींवर लिहिणारे वृत्तपत्रकार. १९६३ सालची ग्रँड नॅशनल ते जवळजवळ जिंकलेच होते. ‘कॅरिकबेग’ ह्या घोड्यावर ते शेवटच्या टप्प्यात आघाडीवर होते, आणि ‘अयाला’ ह्या घोड्याने पाऊण लांबीच्या अंतराने त्यांच्या हातची शर्यत नेली. ब्रुकशॉ आणि फॅरल ज्या मैदानावर पडले ते त्यांनी स्वतः घोड्यावरून तुडविले होते. म्हणून त्यांच्या लेखणीने जेव्हा मदतीची हाक दिली, तेव्हा तिच्यात दुरून हळहळणाऱ्या माणसाचा सूर नव्हता. प्रशिक्षक, घोड्यांचे मालक आणि सामान्य प्रेक्षक ह्यांनी ह्या हाकेला उत्तर दिले. दोघांच्या नावाने १९६४ साली सुरू झालेल्या ह्या निधीची व्याप्ती पुढे वाढविण्यात आली आणि त्यातून ‘इंज्युर्ड जॉकीज फंड’ ही संस्था उभी राहिली.

पुढच्या साठ वर्षांत ह्या संस्थेने एक हजाराहून अधिक जायबंदी जॉकींना आणि त्यांच्या कुटुंबांना हात दिला आहे. तिच्या कामाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. एकरकमी देणगी दिली आणि कर्तव्य संपले, असे ती मानीत नाही. घरोघर जाऊन विचारपूस करणारे तिचे कार्यकर्ते आहेत. त्यांना तेथे ‘आल्मनर’ म्हणतात. चाकांची खुर्ची आत जावी म्हणून कोणाच्या घराचे दरवाजे रुंद करावयाचे आहेत, कोणाला केवळ हातांनी चालविता येईल अशी मोटार हवी आहे, कोणाला नवा धंदा शिकावयाचा आहे, कोणी म्हातारपणी एकाकी पडला आहे, हे सारे ते पाहतात. नाताळच्या शुभेच्छापत्रांची विक्री हे संस्थेच्या उत्पन्नाचे जुने साधन आहे. २००९ साली लँबर्न येथे संस्थेचे पहिले उपचारगृह उघडले, त्याला ‘ओक्सी हाउस’ असे नाव दिले. आपल्या नावाची ही वास्तू लॉर्ड ओक्सींना पाहता आली. २०१२ साली ते निवर्तले. त्यानंतर २०१५ साली माल्टन येथे ‘जॅक बेरी हाउस’ आणि २०१९ साली न्यूमार्केट येथे ‘पीटर ओसुलेव्हन हाउस’ अशी आणखी दोन केंद्रे झाली. बेरी हे पूर्वीचे जॉकी आणि प्रशिक्षक, तर ओसुलेव्हन हे बीबीसीवरून अर्धशतकभर शर्यतींचे धावते समालोचन करणारे विख्यात निवेदक. ह्या केंद्रांत मोडलेली हाडे जुळल्यानंतर स्नायूंना पुन्हा बळ कसे आणावे, तोल कसा मिळवावा ह्याचे शिक्षण तज्ज्ञांकडून मिळते.

आयर्लंडमध्येही जुन्या निधींना एकत्र करून २०१४ साली ‘आयरिश इंज्युर्ड जॉकीज’ ही संस्था स्थापन झाली. हौशी स्वारांच्या मदतीच्या शर्यतीला तेथे फार चांगले रूप मिळाले आहे. ह्या शर्यतींच्या मालिकेला ‘कॉरिंथियन चॅलेंज’ असेच नाव आहे. जुन्या शब्दाचा हा नवा उपयोग अर्थपूर्ण आहे.

अशा शर्यतीची घडण साधारणपणे पुढीलप्रमाणे असते. ज्यांनी शर्यतीत कधी भाग घेतला नाही, किंवा पूर्वी घेतला असून तो सोडला आहे, असे घोडेस्वारीची आवड असलेले स्त्री-पुरुष आपली नावे देतात. प्रत्येकाने ठराविक रक्कम जमवून देण्याचे मान्य करावयाचे असते. ती त्याने आप्तांकडून, स्नेह्यांकडून, आपल्या कचेरीतून, गावातून गोळा करावयाची. म्हणजे शर्यत प्रत्यक्ष धावण्यापूर्वीच तिचे निम्मे काम घरोघर हिंडून झालेले असते. पुढे शरीराची तयारी. घोड्यावर रपेट करणे वेगळे आणि शर्यतीच्या घोड्यावर आखूड रिकिबीत ओणवे उभे राहून दौड करणे वेगळे. मांड्या, पाठ आणि श्वास ह्यांची कसोटी दोन-तीन मिनिटांत लागते. म्हणून महिनोन्‌महिने पहाटे उठून तबेल्यात जाणे, वजन उतरविणे, व्यायाम करणे हे सारे आलेच. जाणत्या शिक्षकांनी स्वारी आणि शारीरिक क्षमता तपासून पसंती दिल्यावाचून कोणालाही मैदानात उतरू देत नाहीत. ह्या शर्यती सपाट मैदानावर होतात, अडथळ्यांवर नव्हे. नेहमीच्या शर्यतींच्या दिवशी, नेहमीच्याच प्रेक्षकांपुढे, रेशमी सदरा घालून हे लोक घोड्यावर चढतात. एक तर जिंकतो, बाकीचे हरतात, पण जमलेली रक्कम सर्वांची एकच होते.

ह्या उपक्रमावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्या खेळाने माणसे पंगू झाली त्यांच्या मदतीसाठी पुन्हा तोच खेळ, तोही अननुभवी माणसांकडून खेळून घेणे शहाणपणाचे आहे काय? पैसे तर नुसते मागूनही मिळाले असते. आक्षेपाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. शर्यतींच्या धंद्यात पैशाची उलाढाल अफाट होते. पैजांवर, घोड्यांच्या खरेदीविक्रीवर, बक्षिसांवर राजाच्या खजिन्यासारखा पैसा वाहतो. मग ज्याच्या मणक्यावर हा डोलारा उभा आहे, त्याच्या औषधपाण्यासाठी दान का मागावे लागावे?

दुसऱ्या बाजूविषयी इतकेच म्हणता येईल, की ती खरी आहे. विमा, भरपाई, वैद्यकीय व्यवस्था ह्या गोष्टी जॉकीच्या हक्काच्या आहेत, आणि १९६४ च्या मानाने त्या पुष्कळ सुधारल्याही आहेत. परंतु विम्याचा हिशेब अपघाताच्या दिवसापासून काही वर्षांपर्यंत चालतो. माणसाचे आयुष्य त्यापुढेही चालते. विसाव्या वर्षी खुर्चीला खिळलेला तरुण साठ वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे कोणी येत-जात राहावे, ही तरतूद कोणत्याही करारपत्रात लिहिता येत नाही. पहिल्या बाजूचे उत्तर ह्या शर्यतींत भाग घेतलेल्यांच्या अनुभवातच आहे. घोड्याच्या पाठीवर ती दोन-तीन मिनिटे काढल्यावर जॉकी रोज काय करतो, हे माणसाला शरीराने कळते. त्यानंतर तो जी मदत करतो, ती दया राहत नाही. शिवाय प्रत्येक स्वारामागे त्याला पैसे देणारी शेकडो माणसे असतात. त्यांतल्या कित्येकांनी त्याआधी जायबंदी जॉकींचा विचारही केलेला नसतो.

हौशी आणि धंदेवाईक, देणारा आणि घेणारा, ह्यांच्यामधली रेषा किती पुसट असते हे १९२३ नंतर बरोबर नव्वद वर्षांनी, २०१३ साली, चेल्टनहॅमच्या मैदानावर सर्वांनी पाहिले. आयर्लंडचे जॉन टॉमस मॅकनमारा हे त्या पिढीतले नामवंत हौशी स्वार. मानधन न घेता त्यांनी सहाशेच्या घरात शर्यती जिंकल्या होत्या. चेल्टनहॅमला ‘किम म्युर’ ही केवळ हौशी स्वारांसाठी राखलेली शर्यत असते. त्या शर्यतीत ते पडले आणि त्यांच्या मानेचे मणके मोडले. हातपाय कायमचे लुळे झाले. तीन वर्षांनी, २०१६ च्या जुलैत, वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मधल्या काळात त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या पाठीशी शर्यतींचे सारे जग उभे राहिले. जायबंदी जॉकींसाठी उभारलेला निधी हौशी स्वारालाही तितकाच आपला वाटतो, तो ह्यामुळे. मैदानात उतरताना उद्या आपली जागा कोणत्या बाजूला असेल, हे कोणालाच ठाऊक नसते.

भारतात मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर थंडीच्या दिवसांत, पुण्याला पावसाळ्यात, आणि बेंगळूरु, हैदराबाद, कोलकाता, म्हैसूर अशा शहरांतही शर्यती होतात. आपल्याकडच्या ह्या शर्यती बहुतेक सपाट मैदानावरच्या, म्हणून पडण्याचे प्रसंग कमी. पण कमी म्हणजे मुळीच नाहीत असे नव्हे. येथेही तबेल्यात वाढलेला एखादा मुलगा जॉकी होतो, चार वर्षे नाव गाजवितो आणि एका पडण्याने लोकांच्या स्मरणातून जातो. घोड्याचे पुढे काय झाले ह्याची चौकशी करणारे मिळतात. स्वाराचे काय झाले हे विचारणारा विरळा.

शर्यतीच्या मैदानाशी ज्यांचा कधी संबंध येणार नाही, अशा श्रोत्यांनीही ह्या हौशी स्वारांच्या दौडीतून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. इमारतीच्या परातीवर चढणारा गवंडी, विजेच्या खांबावर काम करणारा तारवाला, दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी, खोल समुद्रात जाणारा कोळी, ह्या साऱ्यांच्या जोखमीवर इतरांची सोय किंवा करमणूक चालते. त्यांचे कौतुक ते उभे असेपर्यंतच होते. पडलेल्या माणसाला उचलण्याचे काम रुग्णवाहिका करते. तो उचलला गेल्यानंतरची वर्षे मात्र त्याच्या खेळावर प्रेम करणाऱ्यांनी वाटून घ्यावयाची असतात. ब्रिटनमधल्या आणि आयर्लंडमधल्या हौशी स्वारांनी आपला वाटा ओळखला आहे, आणि वर्षाकाठी एखाद्या दिवशी घोड्यावर चढून ते तो चुकता करीत आहेत.